अन्फूशीचा हिरो

बयूमीने त्या संध्याकाळी बातमी जेवणाआधीच सांगून टाकायची असं ठरवलं, आणि तिथेच त्याचं चुकलं. जेवणानंतर सांगितली असती तर बायको भांडी घासायला बसली असती, बातमी घरातल्या घरात मुरली असती आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप मागेही घेता आली असती. पण भात अजून शिजत होता, हनिय्याचे हात रिकामे होते आणि खिडकी सताड उघडी होती.

"हनिय्या," तो म्हणाला, "मी सिनेमात हिरो झालो."

हनिय्याने आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"गळ्यावरचा हिरो नाही," बयूमीने खुलासा केला. "गळ्याखालचा. पाण्यातला. खरा हिरो वजदी शुकरी, त्याला पाण्याची भीती वाटते. गुडघ्यापर्यंत भिजला की त्याला रडू येतं. म्हणून पाण्यात त्याच्याऐवजी मी."

पुढचं हनिय्याने ऐकलंच नाही. ती खिडकीशी पोचली होती. भात शिजेपर्यंत बातमी समोरच्या घरी गेली, भात उतरेपर्यंत मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत, आणि बयूमीने पहिला घास घेतला तेव्हा मुअल्लिम दसूकी, आमच्या अन्फूशी मोहल्ल्यातल्या गल्लीतला खाटीक, हातात सुरी घेऊन दारात उभा होता आणि अभिनंदन करत होता.

बयूमी मुळात अलेक्झांड्रियाच्या बंदरातला पाणबुड्या. जहाजांच्या बुडाला चिकटलेली कालवं खरवडायची, तुटलेले नांगर शोधायचे, एकदा तर एका कप्तानाची कवळी. बंदरातलं पाणी असं गढूळ, की आपलाच हात आपल्याला दिसत नाही. सगळं चाचपून करायचं. माणूस अंगाने गळाच्या काठीसारखा; लांब, सडक, कुठेही न थांबता वरून खाली गेलेला. (गळाची काठी हा शब्द सासूचा. हाज्जा तफीदा रशीद गावाहून यायची तेव्हा दारातच म्हणायची, "मला वाटलं मी पोर माणसाला दिली.") लग्नाला सात वर्षं झाली होती. या सात वर्षांत हनिय्याला कोणी "तुझा नवरा काय करतो?" विचारलं की ती म्हणायची, "बंदरात असतो," आणि विषय बदलायची. त्या संध्याकाळी मात्र तिने विषय बदलला नाही. सिनेमाबद्दलच बोलत राहिली, आणि बोलताना अधूनमधून बयूमीकडे अशी बघायची, जणू तो आत्ताच बोटीतून उतरलाय आणि त्याच्या सामानात काय काय असेल याचा ती अंदाज बांधतेय.

सिनेमाचं नाव होतं 'पाशाचं बुडालं जहाज'. कैरोची मंडळी अबू कीरच्या खाडीवर उतरली होती. एका गरीब गवयाला समुद्रात खजिन्याचा पत्ता लागतो, तिथे त्याला पाशाची जलकन्येसारखी मुलगी भेटते, खजिन्याची पेटी सापडते, आणि मध्ये नऊ गाणी. त्यातली दोन पाण्याखाली. (पाण्याखाली गाणं म्हणतात कसं, असं कोणी विचारलं की दिग्दर्शक उस्ताद महरान एकच उत्तर देत: "प्रेमाने.")

दुसऱ्या दिवशी सकाळी बयूमी खाडीवर पोचला तेव्हा तिथे रडारड चालली होती. नायिका दुरिय्या फहीम पाण्यात उतरणार नव्हतीच. तिच्याऐवजी कैरोहून एक पोहणारी मुलगी आणली होती, आणि नेमका तिचा कान दुखायला लागला होता. डॉक्टरने बुडी मारायला साफ मनाई केलेली. उस्ताद महरान वाळूत येरझारा घालत होते. कॅमेरा काचेच्या पेटीत बंद होऊन तयार होता, लाकडाचं खोटं जहाज तळाशी बसवलेलं होतं, सूर्यही बरोबर डोक्यावर येत होता. नव्हती ती फक्त नायिका.

किनाऱ्यावर पाणबुडे दोनच होते. एक बयूमी. दुसरा ख्वाजा यानी, स्पंज काढणारा ग्रीक. दाराच्या फळीएवढी पाठ आणि मानेच्या जागीही पाठच. उस्तादांची नजर यानीवर गेली, तिथे जराशी दचकली, आणि तिथून बयूमीवर येऊन थांबली.

"बयूमी, लेका, जरा वळ बघू."

बयूमी वळला.

"आता चार पावलं चाल."

तो चालला. उस्तादांनी डोळे मिटून घेतले. "सापडली," ते म्हणाले.

"काय सापडली?"

"दुरिय्या."

बयूमीला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्याने पहिल्यांदा जे सुचलं ते सांगितलं. "उस्ताद, मला मिशी आहे!"

"पाशाची राजकन्या आहे ती. तोंडावर जाळीचा पडदा असणारच."

"आणि हिरो?"

"हिरो यानी. पाठ बघ ना त्याची! हिरोला पाठ लागते. पण ही कंबर..." उस्तादांनी हवेत दोन बोटं फिरवली. "अशी कंबर मी कैरोत सहा महिने शोधतोय."

आता इथे बयूमीने नाही म्हणायला हवं होतं. तुम्ही-आम्ही म्हटलं असतं. पण जन्मात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या एखाद्या अवयवाचं कौतुक केलं होतं. शिवाय घरी जाऊन 'मी हिरो नाही' असं सांगायचं म्हणजे हनिय्याच्या डोळ्यांतला तो कालचा उजेड स्वतःच्या हाताने विझवायचा. त्याने मनाशी म्हटलं, पाण्याखालचं पाण्याखाली राहील. वर कोणाला कळतंय?

वर कळायला सुरुवात झाली ती पायांपासून. राजकन्येच्या नडग्यांवर जंगल चालत नाही. रंगभूषेच्या सित्त बहिय्या नावाच्या दणकट बाईने साखर आणि लिंबू शिजवून त्याचा चिकट गोळा केला, बयूमीच्या नडगीला फासला आणि बिस्मिल्ला म्हणून ओढला. बयूमीने अडीच मिनिटं श्वास कोंडून धरायची सवय कामाला लावली. पण दुसऱ्या पायाला ती संपली, आणि किंकाळीने खाडीवरचे बगळे उडाले.

घरी हनिय्याने ते पाय पाहिले. बोटाने हलकेच तपासले.

"हे काय? माझ्यापेक्षा गुळगुळीत!"

"पाणी कापायला," बयूमी म्हणाला. "जहाजाचं बूड बघ, साफ असलं की वेग येतो."

हनिय्याने नाकाने एकदा हवा ओढली. लिंबू आणि जळक्या साखरेचा तो वास प्रत्येक बाईला ठाऊक असतो. "बरं," ती म्हणाली आणि मासे तळायला गेली. नेहमीपेक्षा दोन जास्त तळले.

त्यानंतरचे अकरा दिवस बयूमीच्या आयुष्यात कुठे ठेवावेत, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. बंदरातल्या काळोखात सात वर्षं चाचपडलेला माणूस, आणि अबू कीरचं पाणी असं, की तळाच्या वाळूवर आपलीच सावली आपल्याबरोबर चालते. अंगावर झिरझिरीत पांढरा झगा, त्याला खालच्या बाजूने शिशाचे मणी. डोक्याला हातभर लांब केस. वर नावेतून भोंग्यावर गाणं लावलेलं असे. पाण्यातून खाली येताना गाण्याचे शब्द वरच राहत. खाली उतरत ते फक्त सूर, तेही मऊ होऊन, कुठून येतायत ते न कळणारे, अंगालाच ऐकू येणारे. बयूमी जहाजाच्या मोडक्या डोलकाठीला वळसा घालून निघे, झगा त्याच्या मागून सावकाश येई, केस आधी वर जात आणि मग जणू विचार करून खाली येत. चांदीच्या पात्यासारखे इवलेसे मासे झग्याच्या घडीत शिरून पुन्हा बाहेर पडत. उन्हाच्या तिरप्या पट्ट्या वाळूपर्यंत येत, आणि तो त्यांच्यातून एकेक करून जाई, जणू कोणाच्या घरातले पडदे बाजूला सारत जातोय. तिथे खाली त्याला लाज म्हणून वाटली नाही. लाज वाटायची ती डोकं वर निघाल्यावर, यानी टॉवेल पुढे करून "या मॅडम" म्हणायचा तेव्हा.

शेवटच्या दिवशी पेटी उघडायचा प्रसंग झाला. पेटीतून खोटे मोती निघाले आणि यानीने त्याला मिठी मारली. यानीने सकाळी लसूण खाल्ला होता, पण पाण्याखाली वास येत नाही ही अल्लाची कृपा.

सिनेमा हिवाळ्यात लागला.

बयूमीने आठवडाभर आधीपासून सांगून पाहिलं की सिनेमा अगदी टाकाऊ निघालाय, यंत्रात बिघाड झालाय, पाण्यातली फीत सगळी भिजलीय. उपयोग शून्य. गुरुवारच्या तीनच्या खेळाला अख्खी गल्ली निघाली. दसूकीने दुकानाला कुलूप लावलं. हाज्जा तफीदा खास रशीदहून आली, बरोबर खारवलेल्या माशांची टोपली. थेटरात ती टोपली तिने मांडीवर घेतली आणि आजूबाजूच्या चार खुर्च्या आपोआप रिकाम्या झाल्या. मधोमध हनिय्या, निळ्या नव्या रुमालात, आणि तिच्या बाजूला बयूमी. खुर्चीत जेवढं खाली सरकता येतं तेवढा खाली.

पहिलं पाण्यातलं दृश्य आलं. पडद्यावर यानीची पाठ पसरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बयूमी!" गल्ली ओरडली.

"अरे, पाठ केवढी ही!" दसूकी मागच्या रांगेतून म्हणाला. "घरात तर दिसत नाही!"

"भिंग," बयूमी पुटपुटला. "भिंगातून माणूस फुगतो."

"मान कुठे गेली?"

"तीपण भिंगात."

हाज्जा तफीदा मात्र पाठीकडे बघून पहिल्यांदाच समाधानाने मान हलवत होती. "पाण्यात माणसात येतो म्हणायचा," ती म्हणाली.

आणि मग ती आली.

काळ्यापांढऱ्या पडद्यावर अबू कीरचं हिरवं पाणी चांदीचं झालं होतं. जहाजाच्या खिडकीतून आधी एक हात, मग झग्याचं टोक, मग केस, आणि मग ती सगळीच, घाई न करता, उजेडाच्या पट्ट्यांतून. गाणं सुरू झालं. शेकडो माणसांच्या थेटरात भाजक्या बिया फोडायचा आवाज एकाएकी थांबला. कोणाचं तरी मूल रडत होतं तेही गप्प झालं. बयूमीने डोकं वर काढलं. त्याने हे पाहिलंच नव्हतं. तो आत होता ना! त्याला वाटलं, किती छान चाललीय ही. आणि मग आठवलं की ही म्हणजे कोण, आणि तो पुन्हा खाली सरकला.

"या अल्ला," दसूकीचा आवाज मागून आला, अगदी ओला. "कंबर आहे की अलिफची रेघ काढलीय!"

हनिय्या हलली नाही. तिचा चेहरा पडद्याच्या उजेडात पांढरा दिसत होता आणि ओठ किंचित उघडे होते. बयूमीला तिच्याकडे बघवेना.

मग पेटी उघडली. मोती वर तरंगले. यानी पुढे झाला आणि त्याने राजकन्येला कवेत घेतलं. बुडबुड्यांचा एक मोठा घोस वर गेला.

थेटर फुटलं. शिट्ट्या, टाळ्या, बयूमीच्या पाठीवर चारी बाजूंनी थापा पडायला लागल्या. "शाब्बास रे वाघा!" "अन्फूशीचं नाव काढलंस!" आणि या सगळ्यावर चढलेला एक आवाज: "बेशरमा!"

हाज्जा तफीदा उभी होती. टोपलीतला एक खारवलेला मासा तिच्या हातात होता आणि तो बयूमीच्या डोक्यात बसला. "लग्नाची बायको शेजारी बसलीय, सासू बसलीय, आणि हा मेला परक्या बाईला मिठ्या मारतोय! तेही अशा कपड्यांत!"

नशिबाने तेवढ्यात मध्यंतर झालं. (नशिबाने असं मी म्हणतो, बयूमीचं मत वेगळं आहे.) दिवे लागले. सासूने जावयाला दंडाला धरून बाहेरच्या दालनात आणलं आणि मागोमाग गल्ली आली, सोड्याच्या बाटल्या हातात घेऊन, कडं करून.

"हनिय्या, गाठोडं बांध. पाचच्या गाडीने रशीदला जायचं. माझ्या घरात अजून भाकरी आहे."

"हाज्जा, ऐका तरी," बयूमी म्हणाला. "मिठी मी मारली नाही."

"मग कोणी मारली? अख्ख्या थेटराने पाहिलं!"

"यानीने मारली."

"यानीने? आणि यानी मिठी मारत होता तेव्हा तू कुठे होतास?"

सगळी गल्ली त्याच्याकडे बघत होती. हनिय्याही बघत होती. खोटं सुचेना. सात महिने रोज एकेक खोटं बोलून बिचारा पार रिकामा झाला होता.

"मिठीत होतो," तो म्हणाला.

"कबूल केलं!" हाज्जा तफीदा ओरडली. "ऐकलंत? सगळ्यांसमोर, तोंड वर करून! मिठीत होतो म्हणे!"

"काही असो, मर्द आहे," दसूकी आदराने म्हणाला.

"नाही, नाही," बयूमी म्हणाला. आता त्याने ठरवलं होतं. गल्ली जन्मभर हसेल, बंदरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हसू दे. पण हनिय्या रशीदला गेली तर त्या घरात चाचपायलाही काही उरणार नाही. "नीट ऐका सगळे. ती जी राजकन्या आहे ना, ती दुरिय्या फहीम नव्हे. ती—"

त्याच्या तोंडावर एक हात बसला. हनिय्याचा.

"आई, पुरे," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी सोड्याच्या बाटल्यांचे फसफस आवाज ऐकू यायला लागले. "मिठीत माझा नवरा होता. मला ठाऊक आहे. मी डोळ्यांनी पाहिलं. आणि माझी त्याबद्दल काहीही तक्रार नाही."

"तक्रार नाही?"

"नाही. काम होतं ते त्याचं. आणि नबीची शपथ, झकास केलंय. चला, घंटा झाली."

तिने बयूमीच्या तोंडावरचा हात काढला आणि त्याच हाताने त्याचा हात धरला. दुसरा अर्धा सिनेमा बयूमीला अजिबात आठवत नाही. खजिना मिळाला की सरकारजमा झाला, कोणास ठाऊक. अंधारात त्याचा हात हनिय्याच्या हातात होता एवढंच त्याला सांगता येतं.

परत येताना सगळे समुद्राच्या कडेने चालत निघाले. सूर्य बुडत होता, पाणी एकदम गप्प होतं. हाज्जा तफीदा दसूकीला घेऊन पुढे गेली होती. हल्लीच्या मुलींना अजिबात स्वाभिमानच उरलेला नाही हे ती त्याला सांगत होती, आणि तो मान हलवत कंबरेचा विचार करत होता. बयूमी आणि हनिय्या मागे.

"कधी कळलं?" त्याने विचारलं.

"लिंबाच्या वासाने अर्धं कळलं होतं. आज टाचा पाहिल्या." ती हसली. "सात वर्षं त्या भेगांना तेल मी चोळतेय. दुरिय्या फहीमच्या टाचा अशा असतील तर मी पाशाची मुलगी!"

"मी तुला हिरो म्हणून सांगितलं..."

"अरे, हिरोला काय बघायचं होतं? पाठ आहे नुसती." ती थांबली. कठड्याला टेकून पाण्याकडे बघत राहिली. "तू रोज सकाळी जातोस आणि संध्याकाळी खारट कपडे घेऊन येतोस. मी कपडे धुते. मला वाटायचं, खाली अंधारात कुठेतरी खरवडत असतोस झालं. बयूमी, तू पाण्यात असा असतोस हे मला कोणी सांगितलंच नाही रे."

"बंदरात झगा नसतो," तो म्हणाला.

"नसू दे," हनिय्या म्हणाली, आणि दोघं तिथे उभी राहिली, पाण्यावरचा शेवटचा उजेड सावकाश तळाशी जाईपर्यंत. मग तिला एकदम हसू फुटलं, इतकं की रुमाल तोंडात घालावा लागला, पुढून हाज्जा तफीदाने वळून विचारलं, "झालं काय?" तर ती म्हणाली, "काही नाही आई, हा म्हणतोय त्या बाईला थंडी वाजत होती."

गुपित दोघांतच राहिलं. पुढच्या शुक्रवारी बयूमी मटण आणायला गेला तर दसूकीने दुकानात तराजूच्या वर सिनेमाचं मोठं चित्र लावलं होतं. जहाजाच्या खिडकीतून निघालेली राजकन्या, केस वर गेलेले, झगा मागे राहिलेला. खाली दोन्ही बाजूंना बकरे टांगलेले. चित्राला माशा बसू नयेत म्हणून वेगळा पंखा होता.

"चार वेळा पाहिला," दसूकी म्हणाला. "रोज सुरीला धार लावायच्या आधी हिच्याकडे एकदा बघतो. दिवस चांगला जातो." त्याने डोळे पुसले, बयूमीसाठी छानसा तुकडा निवडला, कागदात बांधला आणि पुडकं हातात देताना जरासा घुटमळला.

"बयूमी, शेजारधर्म म्हणून बोलतो, मनाला लावून घेऊ नकोस. तुझी पाठ ठीक होती. पण सगळा सिनेमा हिने तारलाय. तू त्यात नसतास ना, तरी कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नसतं."